धोतरा महादेवाला चालतो, म्हणून आपल्याला?

महाशिवरात्र जवळ आली की एक दावा हमखास फिरू लागतो: "धोतरा महादेवाला वाहतात. नैसर्गिक आहे, कायद्यात बंदी नाही. एलएसडीसारखाच अनुभव, चार-पाच तासांत उतरतो. जास्त झालाच तर लिंबू चाटवा. शुद्धीतला एक मित्र सोबत असला की झालं."

महादेवाला वाहतात, एवढं खरं. पण वाहतात, नैवेद्यात वाढत नाहीत. आयुर्वेदानं धोतरा उपविषांत धरला आहे आणि शोधनाशिवाय, म्हणजे विष कमी करणाऱ्या शुद्धीकरणाशिवाय, वापरू नये असं सांगितलं आहे. 1985च्या अमली पदार्थ कायद्यात तो नाही; पण कण्हेरही त्यात नाही, म्हणून कुणी कण्हेर खात नाही.

एलएसडीशी तुलना तर मुळातच चुकीची. एलएसडी हे भास घडवणारं अमली द्रव्य; ते मेंदूत सेरोटोनिन हे संदेशद्रव्य जिथे चिकटतं त्या जागांवर काम करतं. (तेही निर्धोक नाही, घरात मनोविकाराचा इतिहास असेल तर विशेष जपावं.) धोत्र्यातली अ‍ॅट्रोपिन, हायोसायमिन आणि स्कोपोलामिन ही द्रव्यं अ‍ॅसिटिलकोलिन या, नसांचे निरोप पोचवणाऱ्या द्रव्याचा मार्ग अडवतात. त्यातून येतो तो "अनुभव" नव्हे, सन्निपात. माणूस समोर नसलेल्यांशी बोलतो, हवेतले धागे वेचतो, आणि हे खोटं आहे ही जाणीवच त्याला उरत नाही. नंतर बहुतेकांना काही आठवतही नाही. ठग वाटसरूंना धोतरा घालत, तो उगाच नव्हे.

स्वतःला इजा होते ती इथेच. गच्ची, विहीर, रस्ता, आग, यांतलं काहीच धोक्याचं वाटत नाही. धोत्र्याच्या जवळच्या नात्यातल्या एंजल्स ट्रम्पेटचा काढा प्यायलेल्या तरुणानं स्वतःला अतिशय गंभीर इजा करून घेतल्याची नोंद जर्मनीतल्या डॉक्टरांनी 2006 साली प्रसिद्ध केली. अशी इजा व्हायला मरायची इच्छा असावीच लागते असं नाही.

चार-पाच तासांचा हिशेबही चुकतो. ही द्रव्यं आतड्यांची हालचाल मंदावतात, त्यामुळे पोटातल्या बिया सावकाश विष सोडत राहतात. भ्रम 24 ते 48 तास, कधी त्याहून जास्त टिकतो. बुबुळं काही दिवस विस्फारलेली राहू शकतात. शिवाय विषाचं प्रमाण झाडागणिक, ऋतूगणिक बदलतं. "एवढं चालतं" असं माप नाहीच.

लिंबू, ताक, मिठाचं पाणी यांतलं काहीच उतारा नाही. गुंगीत उलटी करवली तर ती श्वासनलिकेत जाते. तोंड कोरडं, कातडी लाल, गरम पण घाम नाही, नाडी जलद, लघवी अडलेली, अशी लक्षणं दिसली तर लगेच 108. रुग्णवाहिका येईपर्यंत दिवे मंद ठेवा, ओल्या फडक्यानं पुसा, पंखा लावा, विळी-कात्री-काडेपेटी दूर करा, एकटं सोडू नका. हातपाय बांधू नका. झटापटीनं ताप आणखी चढतो. उरलेल्या बिया किंवा फळ सोबत न्या आणि काय खाल्लं ते सरळ सांगा. लाल कातडी पाहून अ‍ॅलर्जी समजून एविल दिलं जाण्याची भीती असते, आणि एविलही अ‍ॅसिटिलकोलिनच अडवतं. रुग्णालयात औषधी कोळशाची पूड, लोराझेपामसारखी शांत करणारी औषधं, मूत्रनळी, ईसीजी आणि निवडक रुग्णांत फायसोस्टिग्मिन हा उतारा असा उपचार होतो. सोबतचा मित्र यातलं काहीच करू शकत नाही.

शुद्धीवर आल्यावरही जवळचं अंधुक दिसतं, तेव्हा ते जाईपर्यंत गाडीची किल्ली देऊ नका. आणि स्वतःला इजा करण्याचे विचार आधीपासून असतील किंवा नंतर राहिले, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत क्रमांक 24 तास चालू असतो. मराठीतही बोलता येतं.