अन्वर अलीनं डॉक्टरांना हरवलेलं नाही

आमच्या तालमीच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज उगवतो. कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम जवळ आला की जरा जास्तच. मजकूर थोडक्यात असा: पंजाबचा फुटबॉलपटू अन्वर अली याला डॉक्टरांनी उगाच घाबरवलं, पळालास तर मरशील म्हणून. फुटबॉल महासंघानं दार बंद करून त्याचं करिअर बरबाद केलं. पोरगा कोर्टात गेला, कोर्टानं त्याला ठणठणीत ठरवलं, आणि हृदयविकारावर मात करून तो आज भारताचा स्टॉपर, म्हणजे बचावफळीतला मधला खेळाडू, आहे. खाली मोठ्या अक्षरांत, ‘डॉक्टर हरले, जिद्द जिंकली’. त्याच्याखाली पन्नास अंगठे.

अंगठा देणाऱ्यांवर माझा राग नाही. पोरगा खरोखरच अंगठा द्यावा असा आहे. पण मेसेजमधलं जवळजवळ प्रत्येक वाक्य वाकडं आहे, आणि ते वाचणाऱ्यांत पंधरा-सोळा वर्षांच्या खेळाडूंचे आईबापही आहेत. म्हणून हा खटाटोप.

आधी मेसेजमध्ये नसलेलं थोडं. अन्वरचा जन्म 2000 चा, जालंधरजवळच्या आदमपूरचा. 2017 चा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला तेव्हा तो बचावफळीत होता, आणि त्याच संघात आघाडीला आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. पुढच्या वर्षी स्पेनमध्ये कोटिफ स्पर्धेत भारताच्या वीस वर्षांखालील पोरांनी अर्जेंटिनाला 2-1 हरवलं. अनिकेतला लाल कार्ड मिळालं होतं, दहाच जण मैदानात होते, आणि दुसरा गोल अन्वरनं फ्री किकवर मारला. समोरच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून लिओनेल स्कालोनी बसले होते, पुढं 2022 चा विश्वचषक जिंकणारे. तो गोल ज्यानं पाहिलाय त्याला अन्वरची ओळख करून द्यायला आजाराची गोष्ट लागत नाही.

आता मेसेजकडे. ‘हृदयविकारावर मात केली.’ नाही केली. ती करता येत नाही. 2019 मध्ये, मुंबई सिटी क्लबकडे असताना, त्याला एपिकल हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी असल्याचं निदान झालं. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा हा आजार बहुतेकदा आनुवंशिक असतो आणि ढोबळमानानं पाचशे माणसांत एकाला आढळतो. व्यायामानं, जिद्दीनं, काढ्यानं ती जाडी उतरत नाही. म्हणजे तो आजार बरा करून खेळायला आला नाही, आजारासकट खेळायला आला. मेसेज लिहिणाऱ्याला हा फरक बारीक वाटला असेल. मला सगळा मुद्दाच तिथं दिसतो.

शिवाय ‘एपिकल’ हा शब्द मेसेजमध्ये कधीच नसतो, आणि गंमत म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. या आजाराच्या नेहमीच्या प्रकारात दोन कप्प्यांमधला पडदा जाड होतो आणि रक्त बाहेर पडायच्या वाटेतच अडथळा येऊ शकतो. एपिकल प्रकारात जाडी हृदयाच्या टोकाला असते. 1970 च्या दशकात जपानी डॉक्टरांनी हा प्रकार पहिल्यांदा नीट मांडला. डाव्या कप्प्याचा आतला आकार पत्त्यातल्या इस्पिकासारखा दिसतो म्हणून तो ओळखला जातो. रक्ताची वाट साधारणपणे मोकळी राहते आणि एकूण धोका तुलनेनं कमी मानतात. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. एका माणसाचा धोका ठरवायचा तर बरंच काही बघावं लागतं: घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का, स्वतःला कधी कारणाशिवाय चक्कर येऊन शुद्ध हरपलीय का, भिंत किती मिलिमीटर जाड आहे, चोवीस तास ठोके नोंदवणाऱ्या होल्टर यंत्रावर ते भरकटतात का, एमआरआयमध्ये स्नायूत व्रण दिसतात का, टोकाला फुगवटा धरलाय का. हा सगळा हिशेब डॉक्टरच करतात. तेव्हा अन्वर खेळतोय तो डॉक्टर हरले म्हणून, हे कुठल्या गणितात बसतं?

‘डॉक्टरांनी उगाच घाबरवलं.’ इथं मला जरा थांबायचंय. 26 जून 2003 ला फ्रान्समधल्या लियाँ शहरात कॉन्फेडरेशन्स कपचा उपांत्य सामना चालू होता, कॅमेरून विरुद्ध कोलंबिया. बहात्तराव्या मिनिटाला मार्क-व्हिव्हियन फोए मधल्या वर्तुळात कोसळला. आजूबाजूला कुणीही नव्हतं. वय 28. शवविच्छेदनात सापडलेला आजार हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथीच होता. आपल्याकडे 5 डिसेंबर 2004 ला बंगळुरूत फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेंपोचा ब्राझिली खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर गोल करता करता गोलरक्षकाला धडकला आणि उठलाच नाही. त्याचं कारण वेगळं होतं, ते फोएच्या खात्यात टाकायचं नाही. पण मैदानावर डॉक्टर, रुग्णवाहिका, शॉक देण्याचं यंत्र लागतं यावर आपल्या देशात जी चर्चा झाली, ती त्या संध्याकाळमुळे. अशा आठवणी डोक्यात असलेल्या माणसासमोर 2019 मध्ये एकोणीस वर्षांच्या पोराचा रिपोर्ट आला, तर त्यानं काय म्हणावं अशी अपेक्षा आहे?

शिवाय तेव्हाचा नियमही बघा. हा आजार असलेल्यांनी स्पर्धात्मक खेळ टाळावा, असाच सल्ला अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांत वर्षानुवर्षं होता. 2020 मध्ये तिथल्या हृदयरोग संघटनांनी सूर बदलला: सरसकट बंदी नको, तज्ज्ञानं धोका तपासावा, खेळाडूला पूर्ण समजावून सांगावा आणि दोघांनी मिळून ठरवावं. 2023 मध्ये 1660 जणांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी जोरकस व्यायाम करणाऱ्यांमध्ये मध्यम व्यायाम करणाऱ्यांपेक्षा जीवघेण्या घटना जास्त आढळल्या नाहीत. मात्र ही माणसं तज्ज्ञ केंद्रांच्या देखरेखीखालची होती, हे विसरून चालणार नाही. म्हणजे ज्या वर्षात अन्वरचं प्रकरण पेटलं त्याच वर्षात विज्ञान कूस बदलत होतं. बदलणारे कोण? पुन्हा डॉक्टरच.

‘कोर्टानं ठणठणीत ठरवलं.’ कोर्ट स्टेथोस्कोप लावत नाही. 2020 मध्ये कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंग क्लबकडून खेळायची तयारी चालू असताना महासंघानं त्याला थांबवलं, आणि तो दिल्ली उच्च न्यायालयात गेला. तिथला वाद अधिकाराचा होता: खेळाडूला थांबवायचं की नाही हे कुणी आणि कोणत्या पद्धतीनं ठरवायचं, आणि त्याच्या रोजीरोटीचं काय. हृदयाची जाडी किती, हा न्यायाधीशांपुढचा प्रश्नच नव्हता. मला शंका आहे की या मेसेजात दोन खटल्यांची खिचडी झालीय. कारण अन्वरचं नाव 2024 मध्ये पुन्हा त्याच न्यायालयात गाजलं, आणि तेव्हा विषय निव्वळ पैशाचा आणि कराराचा होता. मोहन बागान सोडून तो ईस्ट बंगालकडे गेला. महासंघाच्या समितीनं चार महिन्यांची बंदी घातली आणि 12.90 कोटी रुपयांची भरपाई ठरवली. मग प्रकरण कोर्टात गेल्यावर तो आदेश मागे घेऊन नव्यानं सुनावणीचं ठरलं. त्यात चूक कुणाची यावर कोलकात्यात आजही डोकी फुटतील, आपण त्यात नको पडायला. पण ज्या पोराला 2020 मध्ये मैदानात उतरू दिलं जात नव्हतं, त्याच्यासाठी चार वर्षांनी दोन बलाढ्य क्लब भांडत होते, एवढं मात्र नोंदवून ठेवतो.

‘स्टॉपर आहे, त्याला कुठं पळावं लागतं’, हे मेसेजात नाही, पण खालच्या प्रतिक्रियांत कुणीतरी हमखास लिहितो. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून हे म्हणणं सोपं आहे. स्टॉपर कडेनं धावणाऱ्या विंगरएवढं अंतर कापत नसेल, पण उभ्या जागेवरून एकदम पूर्ण वेगात सुटणं, उडी, धडक, परत थांबणं, असं नव्वद मिनिटं चालतं. अशा अचानक झटक्यांचीच तर डॉक्टरांना काळजी असते.

आणि ‘करिअर बरबाद केलं’? दोनेक वर्षं गेली, हे खरं. एकोणीस-वीसच्या वयातली दोन वर्षं म्हणजे काय, हे मी वेगळं सांगायला नको. तो हिमाचलमधल्या छोट्या लीगमध्ये खेळला, दिल्ली एफसीकडून ड्युरंड कपात उतरला, मग जानेवारी 2022 मध्ये एफसी गोवानं त्याला घेतलं. मार्चमध्ये बहारीनविरुद्ध भारताकडून पदार्पण. 14 जूनला कोलकात्यात हाँगकाँगविरुद्ध दुसऱ्याच मिनिटाला गोल. भारत 4-0 जिंकला. पुढं मोहन बागानकडून ड्युरंड कप आणि आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची, लीग शील्ड. महासंघानं निर्णय लवकर आणि स्पष्ट द्यायला हवा होता, ही तक्रार रास्त आहे, आणि मेसेजात असतीच तर मीही अंगठा दिला असता.

मला सगळ्यात जास्त डाचते ती मेसेजची न लिहिलेली ओळ, की तपासणी केली नसती तर हे झंझटच झालं नसतं. ग्रुपवर एकानं ती उघड लिहिलीसुद्धा: ‘पोरांचं ईसीजी-बिसीजी काढायच्या नादाला लागू नका.’ त्याचा स्वतःचा मुलगा यंदा ज्युनियरला खेळतोय. इटलीत खेळाडूंना स्पर्धेत उतरण्याआधी ईसीजीसह तपासणी 1982 पासून सक्तीची आहे. आपल्याकडे क्लबांनी पोरांच्या बुटांच्या खर्चातले चार पैसे बाजूला काढले तरी साधा ईसीजी होतो. फक्त एक ध्यानात ठेवा. एपिकल प्रकारात ईसीजीतल्या टी लाटा बऱ्याचदा खोल उलट्या दिसतात, पण जाडी टोकाला असल्यामुळं साध्या इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, ती निसटू शकते. इकोचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून तो ईसीजी ड्रॉवरमध्ये टाकू नका, एमआरआय हवा का हे हृदयरोगतज्ज्ञाला विचारा.