‘सहा तासांच्या गेमला ७९९ रुपये?’ या अभिप्रायास स्टुडिओचे उत्तर

नमस्कार. आमच्या गेमवरचा आपला अभिप्राय मी काळजीपूर्वक वाचला. याच पैशांत सेलमध्ये मोठा परदेशी गेम मिळत असताना सहा तासांत संपणाऱ्या गेमसाठी ७९९ रुपये घेणे ही लूट आहे, पाचव्या तासाला सेव्ह फाइल (खेळ कुठवर आला ते साठवणारी फाइल) बिघडून सगळा खेळ वाया गेला आणि जाहीर केलेले मराठी आवाज गेममध्ये नाहीत, असे आपले तीन आक्षेप आहेत.

सेव्ह फाइलचा दोष सर्वस्वी आमचा आहे. सेव्ह होत असताना लॅपटॉप स्लीपमध्ये गेला, तर अर्धवट लिहिलेली फाइल जुन्या फाइलची जागा घेत असे. नव्या पॅचमध्ये, म्हणजे गेमच्या दुरुस्त आवृत्तीत, आधीची फाइल जपून ठेवली जाते. हा दोष प्रकाशनापूर्वीच सापडायला हवा होता. परंतु पैसे संपत आले म्हणून दोन महिन्यांचे टेस्टिंग तीन आठवड्यांत उरकण्याचा निर्णय मी घेतला आणि टेस्टिंग करणाऱ्या सहकाऱ्यांनी दिलेला इशारा मानला नाही. आपले पाच तास माझ्यामुळे वाया गेले, त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो.

‘लूट’ हा शब्द मात्र मला मान्य नाही. पुण्यातील आमच्या अकरा जणांनी या गेमवर ३४ महिने काम केले. सरासरी पगार महिना ६०,००० रुपये धरला, तरी नुसत्या पगारांवरच सव्वादोन कोटींच्या आसपास खर्च होतो. जागेचे भाडे, संगणक, सॉफ्टवेअरचे परवाने आणि संगीत हे सारे त्याखेरीज. ७९९ रुपयांतून १८ टक्के जीएसटी वजा जाता ६७७ रुपये उरतात आणि स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाचा ३० टक्के वाटा गेला की आमच्याकडे सुमारे ४७४ रुपये येतात. या हिशेबाने पूर्ण किमतीला ४७,०००हून अधिक प्रती विकल्या गेल्या, तरच पगार भरून निघतात. परदेशात किंमत जास्त असल्याने हा आकडा थोडा खाली येतो खरा, पण आमच्या बहुतेक प्रती सेलमध्येच खपतात.

गेममधील ज्या बारवेतून आपण बारा मिनिटांत बाहेर पडलात, ती उभी करायला तिघांना तीन महिने लागले आणि पाण्याची पातळी बदलताना पात्र भिंतीत अडकू लागल्यामुळे ती पुन्हा बांधावी लागली. त्याच त्याच लढाया वाढवून गेम दहा तासांचा करता आला असता. ते मी होऊ दिले नाही.

याच पैशांत सेलमध्ये मोठा परदेशी गेम मिळतो, हे आपले म्हणणे खरे आहे. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’चा खर्च सुमारे २२ कोटी डॉलर होता, असे २०२३ साली अमेरिकेतील एका खटल्यात सादर झालेल्या सोनीच्या कागदपत्रांतून समजले, पण २०२२च्या जूनपर्यंत त्या गेमच्या एक कोटीहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या. एवढा खप झाल्यावर किंमत उतरवणे परवडते. आमचा पहिल्या वर्षाचा खर्चही अजून वसूल व्हायचा आहे.

मराठी आवाजांचे ध्वनिमुद्रण निम्मे झाले आहे. ते पूर्ण झाल्यावर आधीच्या ग्राहकांना विनामूल्य मिळेल. तोवर विक्रीच्या पानावरून तो उल्लेख आम्ही आज काढला आहे. आपली बिघडलेली फाइल गेममधील ‘मदत’ या पर्यायातून पाठवावी. ती दुरुस्त झाली नाही, तर आपण जिथवर पोहोचला होतात तिथली नवी सेव्ह फाइल आम्ही आपल्याला तयार करून देऊ.