पेट्या लावून ताशी 300? आधी हवेचा हिशेब बघू

एक दावा सध्या या हातातून त्या हातात फिरतोय. त्याचा मजकूर थोडक्यात असा: स्पोर्ट टूरर, म्हणजे लांबच्या प्रवासासाठी बनवलेली वेगवान मोटरसायकल, ही सुपरबाइकच, फक्त बसायला आरामशीर. लिटरच्या (1000 सीसीच्या) वरचं इंजिन असलेली कुठलीही स्पोर्ट टूरर सामानाच्या भरल्या पेट्यांनिशी, डबलसीट, दिवसभर ताशी 300 किलोमीटरने जाते, आणि जड असल्याने उलट जास्त स्थिर राहते. पुरावा म्हणून मीटरवर 299 दाखवणारा व्हिडिओ. लिमिटर, म्हणजे ठरावीक वेगापुढे गाडीला अडवणारी इलेक्ट्रॉनिक आडकाठी, काढला तर हीच गाडी 350 जाईल. आणि शंका असेल तर कावासाकीने 400 गाठलेत, ते आठवा.

यातलं एकेक वाक्य वेगळं काढून बघितलं की गंमत कळते. कुठलंच वाक्य संपूर्ण हवेतलं नाही. प्रत्येकात थोडं खरं आहे, आणि त्या थोड्याच्या जोरावर बाकीचं खपवलंय.

‘मीटरवर 299 दिसले’

दिसले असतील. पण मीटर खरा वेग दाखवत नाही, आणि यात बनवणाऱ्याची चूकही नाही. स्पीडोमीटरसाठी संयुक्त राष्ट्रांची 39 क्रमांकाची नियमावली आहे. तिचं म्हणणं असं की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा कधीच दाखवायचा नाही. जास्त दाखवला तर चालेल, अगदी दहा टक्के आणि वर थोडे किलोमीटर इतका. कमी दाखवायची चोरी आहे म्हटल्यावर कंपन्या मीटर मुद्दामच थोडं पुढे ठेवतात. पाच टक्क्यांचा फरक धरला तर 299 म्हणजे खरे 285. दहा टक्के धरला तर 272. दोन्ही गाड्यांची मीटरं नियमात बसतात आणि दोन्हींचे व्हिडिओ हुबेहूब सारखे दिसतात.

त्यात टायर झिजला की फरक आणखी वाढतो, कारण चाकाचा घेर कमी होतो आणि तेवढ्याच अंतरात चाक जास्त वेळा फिरतं. जीपीएसचा आकडा याहून भरवशाचा, पण तोही उतारावर किंवा पाठीमागून वारा असताना घेतला असेल तर गाडीची ताकद सांगत नाही. म्हणूनच वेगाच्या विक्रमांना जाऊन-येऊन अशा दोन्ही दिशांच्या धावा लागतात आणि सरासरी मोजली जाते. व्हिडिओतली धाव एकाच दिशेची असते. परतीचा व्हिडिओ कुणी टाकलेला मी अजून बघितला नाही.

‘इंजिन सुपरबाइकचं, म्हणजे वेगही सुपरबाइकचा’

सगळी मेख इथे आहे, तेव्हा जरा थांबून बघू.

इंजिनाचं नातं खरं आहे. कावासाकीच्या 1400 जीटीआरचं 1352 सीसीचं इंजिन झेडझेडआर 1400 वरूनच आलं. पण ताशी दीडशेच्या पुढे गाडी मुख्यतः हवेशी झगडत असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो विरोध मोडायला लागणारी ताकद घनाने. वेग दहा टक्के वाढवायचा तर ताकद तेहतीस टक्के जास्त लागते. 250 वरून 300 ला जाणं ऐकायला ‘अजून पन्नास’ वाटतं, पण त्याला हवेपुरती ताकद 73 टक्के जास्त हवी.

मग प्रश्न उरतो की गाडी हवेत किती मोठं भोक पाडते. समोरचं क्षेत्रफळ गुणिले आकाराचा ओढ-गुणांक, हा तो आकडा. अंग चोरून बसलेल्या स्वारासकट अतिवेगवान गाडीचा हा आकडा 0.3 चौरस मीटरच्या आसपास येतो. स्पोर्ट टूररचं फेअरिंग (पुढचं वारा अडवणारं आवरण) रुंद, विंडस्क्रीन उंच, हँडल वर, त्यामुळे कोपर बाहेर आणि छाती ताठ. हे सगळं आरामासाठीच असतं, आणि त्या आरामाची किंमत इथे मोजावी लागते.

यामाहाची एफजेआर 1300 घ्या. 1298 सीसी, क्रँकवर, म्हणजे थेट इंजिनाशी मोजलेली, सुमारे 145 हॉर्सपॉवर. गिअरबॉक्स आणि चाकापर्यंत ताकद नेणाऱ्या शाफ्टमधलं नुकसान वजा जाता मागच्या चाकाशी 128 च्या आसपास उरतात. चाचण्यांमध्ये ही गाडी साधारण 245 ला थांबते. उलटा हिशेब मांडला तर तिचा हवेतला आकडा 0.47 च्या आसपास निघतो. आता त्याच आकाराने 300 गाठायचं म्हटलं, तर फक्त हवा कापायला मागच्या चाकाशी सुमारे 222 हॉर्सपॉवर लागतात, आणि टायरचा विरोध धरून 230. आहेत 128. ही तूट एअर फिल्टर आणि सायलेन्सर बदलून भरून निघणारी नाही.

स्वाराच्या अंगाचा भाग किती, हे बंदिस्त ट्रॅकवर सहज कळतं. 200 ला हनुवटी टाकीवर टेकलेली, कोपर गुडघ्यांच्या आत, टाचा मागे घेतलेल्या. त्याच स्थितीत थ्रॉटल न हलवता नुसतं ताठ बसलं, की छातीवर कुणीतरी हात ठेवून मागे लोटल्यासारखं होतं आणि आकडा ब्रेक न लावता उतरायला लागतो. मोटरने वर-खाली होणारी स्क्रीन पूर्ण वर केली तरी असाच परिणाम, फक्त थोडा कमी.

या दाव्याला झुकतं माप द्यायचंच तर ते एका गाडीपुरतं देता येईल. कावासाकीची निंजा एच 2 एसएक्स हीसुद्धा स्पोर्ट टूररच. 998 सीसी, इंजिनात जादा हवा कोंबणारा सुपरचार्जर, 200 हॉर्सपॉवर. पेट्या काढलेल्या, स्वार दबून बसलेला, रस्ता लांब आणि सपाट असेल तर ती 300 च्या उंबरठ्याशी पोचते, हे गणितात बसतं. सुझुकीच्या हायाबुसालाही बरेच जण या वर्गात धरतात, आणि तिचं तर नावच वेगासाठी घेतलं जातं. पण या दोघींच्या जिवावर ‘कुठलीही’ हा शब्द वापरता येत नाही. एफजेआर, निंजा 1000 एसएक्स, बीएमडब्ल्यूची आर 1250 आरएस, यामाहाची ट्रेसर 9, अशा नेहमीच्या गाड्यांचा खरा कमाल वेग 210 ते 250 च्या पट्ट्यात आहे. तोही कमी नाही. त्याला 300 चा मुलामा का लागतो, हे मला कळत नाही.

‘भरल्या पेट्या, डबलसीट, तरी फरक नाही, उलट जड गाडी जास्त स्थिर’

वजनाने कमाल वेग फारसा घटत नाही, हे बरोबर. वजन पिकअप खातं, चढ खातं. सपाटीवरच्या शेवटच्या आकड्याला त्याचं विशेष नाही. पण पेट्या म्हणजे नुसतं वजन कुठे? दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या पेट्या, मागे उभा टॉप बॉक्स, आणि ताठ बसलेली दोन माणसं. हवेतला आकडा 0.6 धरला, तर तीच एफजेआर 225 च्या आसपास दम टाकते. आणि 300 साठी मागच्या चाकाशी 290 हॉर्सपॉवर लागतील.

‘जास्त स्थिर’ हा भाग तर धोकादायक आहे. वजन मागे आणि उंच गेलं की पुढच्या चाकावरचा भार हलका होतो, आणि जोरात जाताना गाडी सेकंदाला दोन-तीन हेलकावे खात डावी-उजवीकडे झोलायला लागते. स्वाराने हँडल घट्ट आवळलं की ती आणखी बिथरते. 2000 च्या दशकात ब्रिटनमधल्या पोलिसांकडे होंडाच्या एसटी 1300 होत्या. साहित्य लादलेली गाडी मोठ्या वेगात झोलते अशा तक्रारी आल्या, आणि एका पोलिसाच्या अपघाती मृत्यूनंतर काही दलांनी त्या ताफ्यातून काढल्या. ते स्वार शिकाऊ नव्हते, गाडी चालवण्याचं खास प्रशिक्षण घेतलेले होते.

पेटीच्या झाकणाच्या आत किंवा सोबतच्या पुस्तिकेत एक छोटा इशारा असतो, तो कुणी वाचत नाही. कित्येक पेट्यांवर 120 किंवा 130 ची मर्यादा लिहिलेली असते, काही कंपन्या 180 पर्यंत सूट देतात. 300 लिहिलेली पेटी मिळाली तर मलाही दाखवा.

तसंच टायरच्या कडेचं. वाकून बघितलं तर 180/55 ZR 17 (73W) असं काहीतरी दिसेल. 180 म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, 55 म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंची, 17 इंचांची रिम, 73 हा भार-निर्देशांक. शेवटचं अक्षर वेगाचं: H असेल तर 210, V असेल तर 240, नुसतं W असेल तर 270. तेच W कंसात असेल तर 270 च्या वर. पण हे पूर्ण हवा आणि ठरलेला भार धरून. दोन माणसं, भरल्या पेट्या आणि महिनाभर न तपासलेली हवा, या जोडीला ते अक्षर लागू होत नाही.

‘लिमिटर काढला की 350’

लिमिटरची गोष्ट खरी आहे. 1999 ची हायाबुसा 300 च्या पार गेली, तिच्या मीटरवर 350 पर्यंत आकडे छापलेले होते. यावर कायदा येईल या धास्तीने मोठ्या कंपन्यांनी आपसात अलिखित समझोता केला आणि 2001 च्या मॉडेलपासून 299 वर इलेक्ट्रॉनिक आडकाठी आली. कायदा नव्हताच, त्यामुळे 2007 मध्ये एमव्ही अगुस्ताने एफ 4 चं एक मॉडेल थेट 312 चा दावा नावात घालून विकायला आणलं.

पण आडकाठी काढली म्हणजे पलीकडे रान मोकळं आहे असं होत नाही. लिमिटर नसलेली पहिली हायाबुसा कंपनीच्या सांगण्याप्रमाणे 175 हॉर्सपॉवरची होती आणि चाचण्यांमध्ये 303 ते 312 च्या दरम्यान थांबली. तिला कुणी अडवलं नव्हतं. 310 वरून 350 ला जायला ताकद 44 टक्के जास्त, म्हणजे 175 चे 250 करायला हवेत. आणि जी टूरर मुळात 245 ला दमते, तिचा 299 चा लिमिटर काढा नाहीतर ठेवा, तो तिच्या वाट्याला कधी येतच नाही.

350 चा आकडा येतो कुठून, तर बहुधा गिअरच्या गणितातून. रेडलाइन, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्यांची कमाल मर्यादा, 9,000, टॉप गिअरमध्ये इंजिन आणि चाक यांचं गुणोत्तर 3.5, तर चाक मिनिटाला 2,571 फेरे मारणार. वरच्या टायरचा घेर 1.98 मीटर. गुणाकार केला की कागदावर 305 येतात. एखादं दाताचं चक्र बदला, कागदावर 350 येतील. पण टॉप गिअरमध्ये इंजिन रेडलाइनपर्यंत चढेल हे कुणी सांगितलं? टूररचा टॉप गिअर तर मुद्दाम लांब ठेवलेला असतो, निवांत आरपीएमवर अंतर कापायला. 1400 जीटीआरचा सहावा गिअर तर ओव्हरड्राइव्हच, म्हणजे इंजिन सावकाश फिरावं म्हणून ठेवलेला गिअर आहे. अशा गाडीचा कमाल वेग पाचव्या गिअरमध्येही मिळू शकतो. कागदावरच्या गणितात वारा वाहत नाही, एवढाच त्याचा दोष.

‘कावासाकीने 400 गाठले’

30 जून 2016 ला केनान सोफुओग्लूने तुर्कस्तानातल्या उस्मान गाझी पुलावर 26 सेकंदांत 400 गाठले. पण गाडी निंजा एच 2 आर. तिला दिवे नाहीत, ती रस्त्यावर चालवायला नाहीच, आणि क्रँकवर 310 हॉर्सपॉवर. स्वार अनेकदा सुपरस्पोर्ट विश्वविजेता. पूल त्याच्यासाठी मोकळा केलेला. आणि तो 400 सुद्धा गाडीच्या मीटरवरचाच, एका दिशेचा. एच 2 एसएक्स तिची बहीण आहे हे खरं, पण बहिणीच्या पदकावर आपलं नाव कोरता येत नाही.

याच वळणाचं अजून एक उदाहरण या मंडळींच्या कसं लक्षात आलं नाही, याचं नवल वाटतं. 2010 मध्ये अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर रॉकी रॉबिन्सनने दोन्ही धावांची सरासरी ताशी 605 काढली. त्या वाहनात टर्बो लावलेली हायाबुसाची दोन इंजिनं होती. मग हायाबुसा 605 जाते म्हणायचं का? ते वाहन म्हणजे जमिनीलगत पळणारी बंद नळी आहे आणि स्वार आत आडवा.

‘दिवसभर’

हा शब्द कुणाच्या डोळ्यांत येत नाही. एफजेआर पूर्ण थ्रॉटलवर चालवली तर साधारण हिशेबाने तासाला 43 लिटरच्या आसपास पेट्रोल जाळते. टाकी 25 लिटरची. म्हणजे पस्तीस मिनिटं, आणि 245 च्या वेगाने 140 किलोमीटर. पेट्या आणि डबलसीट घेऊन 300 ने जाण्याइतकी ताकद कुठून तरी मिळालीच असं धरलं, तर तीच टाकी सोळा मिनिटांत संपेल, जेमतेम 80 किलोमीटरवर. रिझर्व्हचा दिवा त्याच्याही बराच आधी लागलेला असेल.