रेडिओ ऐकतंय कोण, हा प्रश्नच चुकीचा आहे

सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या रेडिओचा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "अहो, आता रेडिओ ऐकतंय कोण?" म्हणणाऱ्याच्या खिशात चार्ज केलेला फोन असतो, फोनला रेंज असते, त्यामुळे त्याला आपला प्रश्न बिनतोड वाटतो. अर्थसंकल्पाला कात्री लावणाऱ्यांनाही तो फार आवडतो. जगभरात गेल्या दहा-पंधरा वर्षांत जिथे जिथे सार्वजनिक रेडिओचे ट्रान्समीटर बंद झाले, तिथे या ना त्या शब्दांत हाच प्रश्न पुढे केला गेला.

१६ जुलै २०२५ चं बघा. अमेरिकेच्या सिनेटमध्ये सार्वजनिक प्रसारणाचा निधी काढून घेण्यावर चर्चा चालू होती. त्याच दिवशी अलास्कात सँड पॉइंट या गावाजवळच्या समुद्रात ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्सुनामीचा इशारा निघाला. अलास्काच्या सिनेटर लिसा मर्कोव्स्की, ज्या निधी काढून घेणाऱ्यांच्याच पक्षाच्या, त्यांनी हाच दाखला देऊन सांगितलं की आमच्याकडे असे इशारे लोकांपर्यंत पोचवतात ती ही छोटी सार्वजनिक केंद्रं. उपयोग झाला नाही. सुमारे १.१ अब्ज डॉलर गेले आणि १९६७ च्या कायद्यातून उभ्या राहिलेल्या, केंद्रांना सरकारी निधी वाटणाऱ्या 'कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग'ने ऑगस्टमध्येच गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

यातली खरी गंमत (गंमत कसली म्हणा) पुढे आहे. मोठ्या शहरातल्या केंद्राला देणगीदार मिळतात, प्रायोजक मिळतात, त्यामुळे सरकारी पैसा हा त्यांच्या उत्पन्नाचा छोटा हिस्सा असतो. अलास्कातल्या बेथेलचं केवाययूके हे केंद्र तिथल्या आदिवासींच्या युपिक भाषेत बातम्या देतं. आजूबाजूला विखुरलेली गावं, रस्त्याने एकमेकांना जोडलेलीसुद्धा नाहीत. तिथे जाहिरात द्यायला कोण येणार? त्यांच्या उत्पन्नाचा बराच मोठा वाटा सरकारी निधीचाच होता. म्हणजे कात्री सगळ्यांना सारखी लागली, पण रक्त आलं ते ज्यांच्याकडे दुसरं काहीच नव्हतं त्यांना.

माझं म्हणणं एवढंच आहे की राष्ट्रीय रेडिओची पोच मोजायची ती शेवटच्या माणसाकडून. दाट वस्तीपर्यंत पोचायला सरकार लागतच नाही, तिथे जाहिरातदार आपल्या पायांनी चालत येतात. सार्वजनिक पैसा लागतो तो डोंगरापलीकडच्या चार वाड्यांसाठी, बेटांसाठी, समुद्रात गेलेल्या बोटींसाठी. तिथे श्रोते कमी असणारच. श्रोते कमी आहेत म्हणून तर तिथे बाजार गेलेला नाही! तेच कारण दाखवून सरकारनेही अंग काढून घ्यायचं, हे तर्कट मला कधी पटलेलं नाही.

कॅनडाला हे फार लवकर उमगलं होतं. शेजारच्या अमेरिकेची खाजगी स्टेशनं सीमेपलीकडून धो धो ऐकू येत होती, तेव्हा १९३२ मध्ये सार्वजनिक रेडिओसाठी झटणाऱ्या ग्रॅहम स्प्राय यांनी तिथल्या संसदीय समितीपुढे सरळ मांडलं की निवड दोनच गोष्टींतून करायची आहे, एक तर आपलं सरकार नाहीतर युनायटेड स्टेट्स. १९३६ मध्ये सीबीसी ही सार्वजनिक प्रसारण संस्था उभी राहिली. १९७४ मध्ये त्यांनी आणखी एक योजना आखली. पाचशे किंवा त्याहून जास्त वस्तीच्या प्रत्येक ठिकाणी राष्ट्रीय सेवा पोचवायची. मला हा पाचशेचा आकडा फार आवडतो, कारण तो श्रोत्यांचा नाही, रहिवाशांचा आहे. ऐकणारे किती, हे विचारलंच नाही. राहणारे किती, एवढंच विचारलं. त्याच कॅनडाने २०१२ मध्ये सॅकव्हिलचं, फार लांबवर ऐकू जाणारं शॉर्टवेव्ह केंद्र बंद केलं, तेही पैसे वाचवायला.

आता आपल्याकडे. आकाशवाणीची अधिकृत माहिती सांगते की तिची पोच देशाच्या ९२ टक्के भूभागावर आणि ९९.१९ टक्के लोकसंख्येपर्यंत आहे. आकडा खोटा नाही, पण तो जुन्या ट्रान्झिस्टरवर लागणारं मीडियम वेव्ह धरून आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने प्रसारणाचं जाळं वाढवायची २,५३९ कोटींची 'बिंद' योजना मंजूर केली, तेव्हा सरकारनेच सांगितलं की आकाशवाणीचं एफएम ६८ टक्के लोकसंख्येपर्यंत पोचतं आणि ते ८० टक्क्यांवर न्यायचं आहे. म्हणजे नव्व्याण्णव आणि अडुसष्ट यांच्यामध्ये जे कोट्यवधी लोक आहेत, ते आहेत मीडियम वेव्हच्या भरवशावर. आणि घरातला जुना ट्रान्झिस्टर मोडला तर नवा घेणारे किती? हातात फोन आहे, आणि फोनला मीडियम वेव्ह पकडता येत नाही. कित्येक फोनमध्ये तर एफएमसुद्धा बंद करून ठेवलेलं असतं. २०२३ मध्ये केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाला फोन कंपन्यांसाठी सूचना काढावी लागली की बाबांनो, ते चालू ठेवा. तेव्हा नव्व्याण्णव टक्के ही लहरींची पोच झाली. माणसांची पोच वेगळी मोजायला हवी, आणि ती कुणी मोजत नाही.

लहरींचंही थोडं समजून घ्यायला हवं. एफएमचा आवाज स्वच्छ, पण तो साधारण नजरेच्या रेषेत जातो. मध्ये डोंगर आला की संपलं. चांगल्या उंच मनोऱ्यावरूनही शंभरेक किलोमीटर म्हणजे डोक्यावरून पाणी. मीडियम वेव्ह जमिनीच्या अंगाने शेकडो किलोमीटर जातं आणि रात्री वातावरणाच्या वरच्या थरावरून परतून त्याहून कितीतरी लांब. शॉर्टवेव्ह तर खंड ओलांडतं, फक्त खरखर सोसावी लागते. म्हणून मीडियम वेव्हचं एक मोठं केंद्र बंद करायचं तर त्याच्या जागी एफएमचे कितीतरी मनोरे उभे करावे लागतात. विजेचं बिल वाचतं हे खरं. पण मनोरे आधी आणि बंद नंतर, असा क्रम क्वचित दिसतो.

नॉर्वेने तो क्रम पाळला, हे मान्य करायला हवं. २०१७ मध्ये राष्ट्रीय एफएम बंद करणारा तो पहिला देश. त्याआधी त्यांनी फ्योर्डमधल्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या चिंचोळ्या खाड्यांकाठच्या वस्त्यांपर्यंत डिजिटल रेडिओचं जाळं नेलं होतं. तरीही गाड्यांमध्ये जुने रेडिओ होते आणि लोक वैतागले. स्वित्झर्लंडमध्ये सार्वजनिक प्रसारकाने २०२४ संपताना एफएम सोडलं, खाजगी स्टेशनं मात्र एफएमवर राहिली. साहजिकच श्रोते तिकडे सरकले. श्रोता तत्त्वासाठी नवं यंत्र घेत नाही, हातातल्या यंत्रावर जे लागतं ते ऐकतो.

सगळ्यात वाईट वाटलं ते ऑस्ट्रेलियाचं. ३१ जानेवारी २०१७ ला तिथल्या सार्वजनिक प्रसारकाने, एबीसीने, उत्तरेकडच्या नॉर्दर्न टेरिटरी या विरळ वस्तीच्या प्रदेशातली शॉर्टवेव्ह सेवा बंद केली. वर्षाला वाचले एकोणीस लाख डॉलर. अवाढव्य कुरणांवर गुरं राखणारे, मासेमार, दूरच्या आदिवासी वस्त्यांमधले लोक यांना पर्याय सुचवला गेला तो उपग्रहाच्या डिशचा. हलत्या बोटीवर किंवा धावत्या ट्रकमध्ये डिश कशी लावायची, हे सुचवणाऱ्याने एकदा करून दाखवायला हवं होतं. त्याच दिवशी पॅसिफिकमधल्या बेटांसाठीची रेडिओ ऑस्ट्रेलियाची शॉर्टवेव्ह सेवाही थांबली. पुढच्याच वर्षी बातमी आली की तिच्या जुन्या फ्रिक्वेन्सींपैकी काहींवर आता चायना रेडिओ इंटरनॅशनल ऐकू येतं.

"इंटरनेट आहे की" म्हणणाऱ्यांसाठी दोन ओळी. प्रसारणाला एक ऐको की दहा लाख, खर्च तोच. इंटरनेटवर गर्दी वाढली की जाळं अडखळतं, आणि वादळात मोबाइलच्या मनोऱ्यांची बॅटरी काही तासांत उतरली की सगळंच ठप्प. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर बीबीसीने तिकडे पुन्हा शॉर्टवेव्ह सुरू केलं, ते जुन्या आठवणींच्या प्रेमाने नव्हे.

पोच भाषेचीही असते. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्रावरून शेतकऱ्यांच्या रेडिओ मंडळांचा प्रयोग झाला, कल्पना कॅनडाचीच. पाच मराठी जिल्ह्यांतली दीडशेच्या आसपास गावं. लोक जमून कार्यक्रम ऐकायचे, चर्चा करायचे, प्रश्न केंद्राला कळवायचे आणि उत्तरं पुन्हा रेडिओवरून यायची. तो कार्यक्रम दिल्लीहून इंग्रजीत लागला असता तर लहरी तेवढ्याच पोचल्या असत्या.

सरकारी पैसा म्हणजे सरकारी भोंगा, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि मी तो झटकत नाही. आकाशवाणीच्या बातम्या ऐकताना मलाही कधी कधी रेडिओ बंद करावासा वाटतो. पण त्यावर उपाय संपादक मोकळा करणं हा आहे. मनोरा पाडून भोंग्याचा आवाज बदलत नाही, फक्त वादळाचा इशारा जातो.

तेव्हा कुठलंही केंद्र बंद करायचा प्रस्ताव आला तर श्रोतासंख्येच्या तक्त्याआधी एक साधा नकाशा छापा. वीज आणि मोबाइल दोन्ही गेल्यावर, त्या भागातल्या घरात खरोखर असलेल्या यंत्रावर, तिथल्या भाषेत कुठलं स्टेशन लागतं, एवढंच त्यावर दाखवा. नकाशा कोरा निघाला तर प्रस्ताव परत पाठवा.