आधी आवाज, मग पडदा

बेळगावजवळच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत सध्या एकच विषय आहे: वेदीमागच्या भिंतीवर एलईडी वॉल बसवायची की नाही. कोटेशन साडेचार लाखांचं. तरुण म्हणतात, गीताचे शब्द मराठी आणि कन्नड दोन्ही लिप्यांत एकदम दिसतील. वडीलधारे म्हणतात, देवळाचं थेटर करू नका. कमिटीत असलेल्या मामांनी इंग्लंडमधल्या आम्हा भाचरांना फोन करून विचारलं, "तुम्ही किती घालणार?"

तरुणांचं म्हणणं मला पटतं. ज्या गावात दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा वर यावरून डोकी फुटतात, तिथे मराठी आणि कन्नड अशा दोन्ही उपासनांची माणसं एकाच पडद्याकडे बघून एकच गीत गाणार असतील, तर त्या खर्चाला मी उधळपट्टी म्हणणार नाही. पण तेवढ्यासाठी बरा प्रोजेक्टर आणि खिडक्यांना जाड पडदे पुरतात.

माझं मन अडकतं ते शेवटच्या बाकावर. तिथे आत्या बसते, कानात मशीन घालून. जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळायला लागला की तिला शास्त्रपाठही कळत नाही आणि उपदेशही. पाळकसाहेबांचा माइक हातभर लांब असतो. तो अर्ध्या अंतरावर आणला तर आवाज सहा डेसिबलने वाढतो, आणि त्याला एक पैसा लागत नाही. भिंतीवरचे स्पीकर बाकांकडे वळवायला एक शिडी आणि एक दुपार लागते.

इथे मी ज्या चर्चमध्ये जाते तिथे गालिच्याखालून एक तार फिरवलेली आहे. श्रवणयंत्राचं बटण 'टी'वर केलं की माइकमधला आवाज थेट कानात येतो. ती तार कुणाला दिसत नाही, तिचे फोटो कुणी काढत नाही. अँग्लिकन चर्चमध्ये असं काही कायमचं बसवायचं तर वरून परवानगी काढावी लागते, आणि 1955 पासून कायद्यानेच दर पाच वर्षांनी इमारतीची तपासणी होते. सुरुवातीला मला ही दिरंगाई वाटायची. आता वाटतं, या थांबण्यामुळेच लोक एकमेकांना प्रश्न विचारतात. तरी कपाटात धूळ खात पडलेली यंत्रं मी इथेही पाहिली आहेत.

आमच्याकडे तो अडसर नाही, म्हणून विचारायचं काम मंडळीनेच करायला हवं. माइकचे आवाज जुळवणारा मागचा डिजिटल मिक्सर वळवाच्या पहिल्याच विजेत जळाला, कारण अर्थिंग धड नव्हतं. त्याआधीही तो एकाच मुलाला चालवता यायचा, आणि तो नोकरीला पुण्याला गेला होता. कापणीच्या सणात कोंबडी, भोपळे, उसाच्या मोळ्या लिलावात बोलून जमवलेला तो पैसा होता. तो असा गेला याचं मला आजही वाईट वाटतं.

आम्हा परदेशवाल्यांचाही यात दोष आहे. आम्हाला डोळ्यांना दिसेल अशी वस्तू द्यायला आवडते. वीजबिल, दुरुस्ती, शिकवणी यांसाठी आमचा हात आखडतो. वर कायद्याचं भान हवं. मी अजून भारतीय नागरिक आहे, त्यामुळे माझ्या बचतीतून बँकेमार्फत दिलेलं दान विदेशी देणगी ठरत नाही. माझ्या भावाने ब्रिटिश पासपोर्ट घेतला. त्याचं दान ठरतं. एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँकेतलं ठरलेलं खातं नसेल तर मंडळीने ते घेऊच नये, मग ते कितीही प्रेमाने दिलेलं असो.

थेट प्रक्षेपण मात्र बंद करू नका, हे मी मामांना पहिल्यांदा सांगितलं. साडेनऊची उपासना इथे उन्हाळ्यात पहाटे पाचला येते, तरी मी उठते. 2020 मध्ये देवळं बंद होती तेव्हा अंथरुणाला खिळलेल्या आईला एका साध्या मोबाइलवरूनच प्रभुभोजनाची प्रार्थना ऐकू आली होती.

माझा वाटा मी पाठवते आहे. अर्थिंग, दोन चांगले माइक, आणि दोन मुली व दोन मुलांना यंत्र चालवायला शिकवण्याचा खर्च, असं पत्रात लिहून दिलंय. हिशेब उपासनेनंतर सगळ्यांसमोर वाचावा, एवढीच अट. मामा म्हणाले, पत्र बैठकीत वाचतो. बैठक पुढच्या रविवारी आहे.