आधी तपासणी, मग सही

अमेरिकेत ‘हड’च्या, म्हणजे केंद्रीय गृहनिर्माण आणि नगरविकास खात्याच्या, निधीतून एखादं छोटं शहर वीस घरांची इमारत बांधायला निघतं, तेव्हा पर्यावरण तपासणी म्हणजे पुराचा नकाशा आणि मातीतलं प्रदूषण, एवढंच लोक धरून चालतात. पैसा अडकतो तो मात्र एका तारखेवर. फाइल उघडली की आधी बघा, जागेच्या करारावर सही कधी झाली?

हडच्या पर्यावरण तपासणीच्या नियमांनुसार (‘पार्ट ५८’) निधी वापरायची परवानगी हातात येईपर्यंत जागा घेणं, जुनं बांधकाम पाडणं, ठेकेदाराला काम देणं सगळं बंद. ‘हे पैसे आमच्या खिशातले’ ही सबब चालत नाही; देणगीतला डॉलरही त्याच नियमात येतो. आणि ते योग्यच आहे. जागा घेऊन बसल्यावर दुसऱ्या जागेचा विचार कोण करणार? मालक थांबत नसेल तर किमतीच्या मानाने नाममात्र रक्कम देऊन ऑप्शन करार, म्हणजे जागा पुढे घ्यायचा हक्क राखून ठेवणारा करार, करता येतो. ही सोय नियमातच आहे, तरी लोक थेट खरेदीची सही ठोकतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरी चूक तुकडे पाडण्याची. चार घरांपर्यंतच्या कामाला तपासणी हलकी, म्हणून एकाच प्लॉटवरची वीस घरं चार-चार करून दाखवायची. नियम सगळी कामं एकत्र धरायला सांगतो.

जागेवर जाऊन बघण्याला पर्याय नाही. कुंपणापलीकडे जमिनीवर पेट्रोलची १०० गॅलनपेक्षा मोठी टाकी दिसली तर सुरक्षित अंतराचं गणित करावंच लागतं. जमिनीखालच्या टाकीला ते लागत नाही. मोठा रस्ता १,००० फुटांत, रेल्वे ३,००० फुटांत किंवा विमानतळ १५ मैलांत असेल तर आवाज मोजा. दिवसरात्रीची सरासरी ६५ डेसिबलच्या वर गेली, तर भिंती-खिडक्यांचा खर्च आत्ताच बजेटमध्ये धरा. तिथे मुलं झोपणार आहेत.

मग नोटिसा. ‘लक्षणीय परिणाम नाही’ हा निष्कर्ष आणि निधीच्या मागणीची सूचना एकत्र छापली तर हरकतींसाठी १५ दिवस. नुसती टपालाने पाठवून फलकावर लावली तर १८. मोजणी छापल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. मुदत संपायच्या आत निधीच्या मागणीपत्रावर तारीख टाकू नका. त्यानंतर हडकडे (किंवा राज्याकडे) हरकतींचे आणखी १५ दिवस. म्हणजे कागद तयार झाल्यावरही महिनाभर धरा, आणि ठेकेदाराला तारीख देताना तो महिना सोडूनच द्या.

मागणीपत्रावर सही बहुतेक वेळा महापौरांची असते, आणि त्या सहीने ते फेडरल कोर्टाचं अधिकारक्षेत्र मान्य करतात. सहीला कागद नेताना हे त्यांना स्पष्ट सांगा आणि पूर्ण फाइल समोर ठेवा, नुसतं शेवटचं पान नको.