घासाघीस

टपाल तोलायचा पितळी काटा. लाकडी बैठक, दोन पारडी, बैठकीतल्या खाचांत बसणारी वजनं, आणि सगळ्यावर साठ-सत्तर वर्षांत हळूहळू चढलेला काळपट तपकिरी रंग. रविवारी सकाळी जुन्या बाजारात मांडला तेव्हा दोन्ही पारडी एकाच रंगाची होती. दुपारी त्यातलं एक नव्या नळासारखं चकाकत होतं. मधल्या वेळात मी फक्त एका बाईंना चिनी मातीची बशी कागदात गुंडाळून देत होतो. चार मिनिटं.

पारड्यावर एक काका वाकले होते. एका हातात रुमाल, दुसऱ्या हातात पितळेच्या पॉलिशची नुकतीच विकत घेतलेली डबी.

"केवढं मळलं होतं हो! विकायला बसता तर जरा घासून तरी आणायचं."

"काका, तो मळ नव्हता."

"मग हे काय?" त्यांनी रुमाल उलगडून दाखवला. काळा. माझी साठ वर्षं त्यांच्या रुमालाला लागली होती.

"त्याला पॅटिना म्हणतात."

"म्हणजे मळच."

आता यावर काय बोलणार? पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. हवा, दमटपणा, हवेतलं गंधक आणि माणसांचे घामट हात मिळून त्यावर वर्षानुवर्षं जो थर चढवतात, त्याचेच पैसे गिऱ्हाईक मोजतं. खालचं पितळ भंगाराच्या भावानंही मिळतं. पॉलिशमध्ये बारीक घासणारी पूड असते. ती हा थर काढतेच, शिवाय कोरलेल्या अक्षरांच्या कडा बोथट करते आणि खाचांत पांढरी होऊन बसते. ती नंतर दात कोरायच्या काडीनं टिपत बसायचं. साफ करायचंच असेल तर कोरडा मऊ ब्रश, फार तर कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब, लगेच कोरडं पुसणं आणि वर मेणाचा पातळ हात. तेही आधी तळाशी, न दिसणाऱ्या जागी करून बघायचं. काकांनी सुरुवात बरोब्बर मधोमध केली होती, जिथे सगळ्यांची नजर जाते.

"घासायचं नसतं, तर मग पॉलिश विकतात कशाला?" काकांनी विचारलं. या प्रश्नाचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही, आणि राग खरा त्याचाच आहे.

गेलेला रंग परत आणता येतो, असं सांगणारे भेटतात. वस्तू तेलकटपणा काढून बंद डब्यात अमोनियाच्या वाफेवर ठेवली की काही तासांत तपकिरी होते. होते खरी, पण सगळीकडे सारखी, चहात बुडवल्यासारखी. खरी जुनी वस्तू जिथे हात लागतो तिथे उजळ आणि खोबणीत काळी असते. शिवाय ठोकून घडवलेल्या, आतून ताण असलेल्या पितळेला अमोनियानं तडे जातात. म्हणजे रंग मिळवायला जावं आणि पारडंच गमवावं.

(पितळ आरपार आहे की लोखंडावर नुसता मुलामा, हे बघायला चुंबक पुरतो. चिकटला की समजायचं. माझा चुंबक शेजारच्या दुकानवाल्यानं सकाळी साडेसातला "दोन मिनिटं द्या" म्हणून नेला होता.)

"बरं काका, आता घासलंच आहे तर घेऊन तरी टाका."

काका दोन पावलं मागे सरले. डोकं तिरकं करून त्यांनी काट्याकडे पाहिलं. "छे! एक पारडं नवं, एक जुनं. हे कुणीतरी बदललेलं दिसतंय."

अँटिकच्या इंग्रजी बाजारात दोन वेगवेगळ्या वस्तूंचे भाग जुळवून एक वस्तू केली की तिला 'लग्न' झालं म्हणतात, आणि असं लग्न झालेल्या वस्तूची किंमत पडते. एकाच घरात जन्मलेल्या माझ्या दोन पारड्यांचं लग्न काकांनी माझ्या डोळ्यांदेखत लावून दिलं आणि वर जोडा विजोड आहे म्हणून नाक मुरडलं.

"दुसरंही घासून दिलंत तर विचार करीन," ते म्हणाले. "मात्र पहिल्याची मजुरी किमतीतून वजा करा."

घासाघीस करणारी गिऱ्हाइकं रोज भेटतात. दोन्ही अर्थांनी करणारं हे पहिलंच.

जिथे संशय घ्यायचा तिथे मात्र कुणी घेत नाही. दीडशे वर्षांची म्हणून खुर्ची घेतात आणि तिच्या पोटाखालचे स्टार स्क्रू बघत नाहीत. ते बाजारात आलेच १९३० च्या दशकात, म्हणजे खुर्ची तरी नवी किंवा दुरुस्ती तरी. अखंड लाकडाचं जुनं गोल टेबल लाकडाच्या रेषांना आडव्या दिशेनं आकसतं, म्हणून ते दोन्ही दिशांनी मोजायचं. काही मिलिमीटरचा फरक निघाला तर आनंद मानायचा, अगदी गोल निघालं तर शंका घ्यायची. किड्यांच्या भोकात बारीक तार घालायची. किडा वाकडातिकडा जातो, ड्रिल सरळ. 'ईपीएनएस' असा शिक्का दिसला की चांदी फक्त वरच्या मुलाम्यापुरती, आत तांबं, निकेल आणि जस्त. बशीच्या तळाशी देशाचं नाव छापलेलं असेल तर ती बहुधा १८९१ नंतरची, कारण अमेरिकेनं आयात मालावर ते सक्तीचं केलं त्याच वर्षी. यातलं एकही कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, "इतकं जुनं आहे, तर स्वस्त का नाही?"

आणि दर तिसरा माणूस थांबून सांगतो, "आमच्याकडे अगदी असंच होतं, भंगारात दिलं." दिलंत ना? मग मला कशाला सांगता?

फावल्या वेळात जोडउत्पन्न म्हणून हा धंदा सुचवणारे फावल्या वेळाचा हिशोब सांगत नाहीत. वस्तू विकेल त्या किमतीच्या एक तृतीयांशात घ्यावी, असा माझा नेम आहे. विकेल त्या, मागितलेल्या नव्हे. मागायला कुणीही काहीही मागतं. उरलेल्या दोन भागांतून जागेचं भाडं, वाहतूक, गुंडाळायचे कागद, फुटलेली तिसरी बशी आणि आठ महिने न हललेला माल भागवायचा. पहाटेपासून दुपारपर्यंतच्या उभं राहण्याचा रकाना माझ्या वहीत नाही, कारण तो मांडला तर धंदा बंद करावा लागेल. जगभरच्या सीमाशुल्क वर्गवारीत ९७०६ क्रमांकाखाली १०० वर्षांहून जुनी वस्तूच अँटिक धरतात. माझा काटा त्या हिशोबानं नुसताच जुना होता. आता अर्धा तोही नाही.

काकांनी डबीचं झाकण लावलं आणि मी आभार मानीन म्हणून थोडा वेळ वाट पाहिली. मग ते शेजारच्या दुकानाकडे वळले. तिथे पुढेच एक ब्राँझचा घोडा होता, गडद हिरवट, आयाळीच्या खाचाखाचांत काळा. काका त्याच्यासमोर थांबले, चष्मा वर सरकवला आणि रुमालाचा स्वच्छ कोपरा शोधू लागले. दुकानवाला पाठमोरा, कुणाशी तरी बोलत होता.

मी हाक मारायला तोंड उघडलं. मग मला चुंबक आठवला.